शाल जमा करा

हवालदार लालासाहेब सैन्यातून निवृत्त होऊन घरी आले ते कांद्याच्या ट्रकमधून. यात त्यांची काही चूक नव्हती. टाळेबंदी लागलेली, रेल्वे बंद, एसटी बंद, नोकरी मात्र ठरल्या तारखेला संपलेली. कडेगावाजवळच्या त्यांच्या गावात निवृत्त जवानाची मिरवणूक काढायची रीत आहे, आणि ती साधीसुधी नसते. उघडी जीप, डीजे, रस्ताभर रांगोळ्या, जेसीबीच्या बकेटमधून फुलं, दारोदारी औक्षण, शेवटी चावडीपुढे सत्कार. ज्या मास्तरांनी त्याला सातवीपर्यंत गाढव म्हटलेलं असतं, तेच 'आमचा विद्यार्थी' म्हणून हार घालतात. लालासाहेबांच्या वाट्याला काय आलं? वेशीवर उभ्या असलेल्या आशाताईंनी लांबूनच त्यांच्या हातावर सॅनिटायझर ओतलं आणि बोट शाळेकडे दाखवलं. पहिलीच्या वर्गातल्या बुटक्या बाकावर, गुडघे हनुवटीला लावून, भिंतीवरचा अननस बघत हा माणूस विलगीकरणात बसला.

त्यांच्या बायकोने, रंगूबाईंनी, मिरवणुकीसाठी शाल आधीच आणून ठेवली होती. कराडच्या दुकानातून, स्वतः निवडून. मरून रंग, रुंद जरीचा काठ. ती ट्रंकेत डांबरगोळ्यांच्या सोबतीला गेली.

"काढू की मिरवणूक. रोग सरू द्या," गाव म्हणालं. रोग सरला. मग दुसरे जवान निवृत्त होऊन येऊ लागले आणि त्यांच्या जीपा निघू लागल्या. लालासाहेब प्रत्येक मिरवणुकीत इस्त्रीचा सदरा घालून हजर. एकदा त्यांनी धीर करून दूध डेअरीचे चेअरमन दादासो यांच्यापाशी विषय काढला. दादासो दात कोरत म्हणाले, "आता ते लय शिळं झालं, फौजी."

शिळं! माणूस म्हणजे काय कालची भाजी आहे? लालासाहेब घरी आले आणि स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावायला बसले.

हे डब्यांचं प्रकरण रंगूबाईंना सोसेना. सैन्यात लालासाहेब भांडारावर होते. वस्तू द्यायची, वापरून झाली की परत घ्यायची, हाच त्यांचा धर्म. घरी आल्यावरही ते झारा मागितला की झारा देत आणि पोहे झाले की पाठीशी येऊन उभे राहत. "झारा जमा करा." रंगूबाईंनी एके दिवशी तो झारा त्यांच्या दिशेने भिरकावला आणि भाचीकडे गेल्या.

भाची म्हणजे त्यांच्या भावाची मुलगी उत्कर्षा. ही बंगळुरूला समकालीन नृत्य शिकून आलेली आणि दादासोंच्या बंद पडलेल्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये 'तोल' नावाची नृत्यसंस्था चालवणारी. पावसाळ्यात ओल धरली की त्या शेडला आपल्या जुन्या कोंबड्यांची आठवण येई आणि नर्तकी नाकाला रुमाल बांधून तोल सांभाळत.

"तुझ्या मामांना तिकडं कामाला लाव," रंगूबाई म्हणाल्या. "न्हाईतर मी तरी तुझ्याकडं नाचायला येते."

उत्कर्षाला माणूस हवाच होता. ती नुकतीच एका परिषदेहून आली होती आणि तिच्या डोक्यात एक विचार पक्का बसला होता. आपण पाण्याच्या प्रश्नावर नाचायचं, मातीच्या प्रश्नावर नाचायचं, आणि निघताना मागे ट्रॉलीभर फ्लेक्स, थर्माकोल आणि पाण्याच्या बाटल्या टाकून यायचं, ही कुठली रीत? विचार शहाणपणाचा होता. यापुढे संस्थेचं काम शाश्वत पद्धतीने, असं तिने जाहीर केलं. शाश्वत म्हणजे काय हे ती लालासाहेबांना चांगला अर्धा तास समजावत होती. लालासाहेबांनी ते एका वाक्यात उरकलं.

"म्हंजे दिलेला नग परत जमा झाला पायजे."

"तसं नाही मामा, पण... साधारण तसंच."

इथे तिने त्यांना थांबवायला हवं होतं. नाही थांबवलं.

लालासाहेबांनी संस्था ताब्यात घेतली. जनरेटर बंद, कार्यक्रम दुपारी चारला, उजेड सूर्याचा. नवे कपडे बंद. गावातल्या जुन्या साड्या. नर्तकींनी पाय धुतलेलं पाणी दोडक्याच्या वेलाला. तालमीची चटई म्हणून ते गावभरचे जुने फ्लेक्स गोळा करून आले, आणि पहिल्याच दिवशी अंकिता नावाची नर्तकी अर्धा तास दादासोंच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या हसऱ्या चेहऱ्यावर लोळली. दादासो भाडं मागायला आले होते, ते दारातूनच परत गेले. त्यानंतर फ्लेक्स पालथे अंथरायचे असा नियम निघाला.

खरी अडचण सत्काराची होती. संस्थेचा दौरा ठरला होता: उंब्रज, औंध आणि शेवटी कडेगाव. आपल्याकडे कार्यक्रम कसलाही असो, आधी सरपंच, माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, मंडपवाल्याचे सासरे, सगळ्यांच्या खांद्यावर शाल आणि हातात नारळ गेल्याशिवाय पडदा सरकत नाही. त्या शाली कोणी पांघरत नाही. त्या ट्रंकेत जातात.

"सत्कार बंद," उत्कर्षा म्हणाली.

"पोरी, नाच बंद करता यील. सत्कार न्हाई."

"मग नवीन शाली विकत घ्यायच्या? एका दुपारसाठी?"

लालासाहेब विचारात पडले. घरी गेले, ट्रंक उघडली आणि आपली मरून शाल घेऊन आले. एक शाल, एक नारळ. पाहुणा डावीकडून चढणार, शाल अंगावर पडणार, टाळ्या, फोटो, आणि उजवीकडून उतरताना लालासाहेब ती काढून घेणार. तीच शाल पुन्हा डावीकडे, पुढच्या पाहुण्याला.

"मामा, ही तर तुमची. आत्याने आणलेली."

"व्हय. म्हनून माझी एक अट हाय," लालासाहेब तिच्याकडे न बघता म्हणाले. "कडेगावात, दौरा सपताना, शेवटचा सत्कार माझा. लोकांपुढं. कुनाच्या तरी हातानं."

"नक्की, मामा. शब्द दिला." आणि मग, जरा अडखळत, "पण नंतर शाल संस्थेत जमा होईल ना? पुढच्या वर्षीही लागेल. नियमाला अपवाद नको, असं तुम्हीच सगळ्यांना सांगता."

ते सांगत होते खरं. अंकिताच्या केसातली पिनसुद्धा त्यांनी जमा करून घेतली होती. "करीन जमा," ते म्हणाले. ट्रंकेतली शाल, सहा वर्षांची वाट, आणि अंगावर राहणार फोटोपुरती! रंगूबाईंना हे कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "तुमच्या डोस्क्याला ऊन लागलंय."

उंब्रजला जायला वेगळी गाडी नको, असाही नियम होता. "जाणारी गाडी रिकामी का न्ह्यायची?" हे लालासाहेबांचं ठरलेलं वाक्य. त्यांनी बिरदेवाची पिकअप गाठली. बिरदेव धनगर, पूर्वेकडच्या माळावरचा, आता थोडी शेतीही करणारा. तो आपला मेंढा कराडकडच्या कृषी प्रदर्शनाला घेऊन निघाला होता. हा मेंढा म्हणजे काही साधं जनावर नव्हे. पोपटासारखं बाकदार नाक, कमरेएवढी उंची, आणि नाव कॅप्टन. बिरदेव त्याला लाडाने 'आमचा बकरा' म्हणे; कोणी मेंढा म्हटलेलं त्याला खपत नसे. मागच्या हौद्यात एका बाजूला कॅप्टन आणि दुसऱ्या बाजूला आठ नर्तकी, अशी समकालीन नृत्यकला महामार्गाला लागली. परतीचा प्रवासही त्याच गाडीने ठरलेला. प्रदर्शनात कॅप्टनचा पहिला नंबर आला आणि बिरदेव त्याला घेऊन उंब्रजच्या मैदानाच्या कडेला येऊन थांबला, कार्यक्रम संपायची वाट बघत.

कार्यक्रम सुरू झाला तो असा. नाच दुष्काळावरचा, सुरुवातीला सगळ्या जणी जमिनीवर निपचित पडून असतात, बराच वेळ. उंब्रजची माणसं काही दगडाच्या काळजाची नाहीत. पहिल्या रांगेतली एक म्हातारी उठली, पदराच्या गाठीतून कांदा काढला, बुक्कीने फोडला आणि अंकिताच्या नाकाशी धरला.

"आज्जी, मी नाचतेय," अंकिता डोळे मिटूनच पुटपुटली.

"व्हय गं माजी बाय. उपाशी हायस का?"

मागे नेपथ्य म्हणून लालासाहेबांनी हिरवंगार उसाचं वाढं उभं केलं होतं, कार्यक्रम झाला की मातीत जाणारं. मातीत जायची वेळच आली नाही. कॅप्टनने दावं तोडलं, शांतपणे रंगमंचावर आला आणि डावीकडून उजवीकडे नेपथ्य खात गेला. नर्तकी दुष्काळ करत होत्या आणि पाठीमागची हिरवळ कराकरा नाहीशी होत होती. शेवटी उघडी भिंत उरली. लोक टाळ्या वाजवायचे थांबेनात. "बाकीचं कळलं न्हाई," एकजण उत्कर्षाला म्हणाला, "पन बकऱ्यानं काम ब्येस केलं."

सत्कार मात्र घड्याळासारखे झाले. पाहुणे उतरत, लालासाहेब उजव्या कोपऱ्यात हात पुढे करून उभे.

"शाल जमा करा."

"आँ? आवं, मला दिलीया न्हवं?"

"दिली. फोटो झाला. मान तुमच्याकडंच राहिला, कापड हिकडं द्या."

आश्चर्य म्हणजे कोणी फारसं रागावलं नाही. दादासो खास गाडी करून आले होते. त्यांनी तर शाल काढून हातात देताना सुस्कारा सोडला. "बरं झालं बाबा. घरात ठेवायला जागा न्हाई." संध्याकाळपर्यंत शालीला उंब्रजच्या सगळ्या प्रतिष्ठित मंडळींच्या केसांच्या तेलाचा वास लागला. लालासाहेब रोज ती झटकून उन्हात टाकत. टाकताना एकदा, कोणी बघत नाही असं बघून, त्यांनी ती खांद्यापर्यंत नेली होती. मग खाली घेतली. आपल्या हाताने पांघरलेल्या शालीला काय अर्थ?

औंधला घोळ झाला. प्रमुख पाहुणे होते वीरधवलराव. यमाईच्या डोंगराखाली राहणारे, ताठ मानेचे, आयुष्यभर सत्कार घेण्यात मुरलेले. त्यांनी शाल घेतली, नारळ घेतला, भाषण केलं, आणि उजवीकडे न वळता सरळ डावीकडून उतरले.

लालासाहेब रंगमंचाच्या मागून वळसा घालून धावले. "साहेब, शाल जमा करा."

वीरधवलरावांनी त्यांच्याकडे नखशिखान्त बघितलं. "दिलेली वस्तू मी परत मागत नाही आणि मिळालेली परत देत नाही. आमच्या घराण्याची रीत आहे." आणि ते स्कूटरवर बसून निघून गेले. जरीचा काठ मागे फडफडत होता.

लालासाहेबांना पाठलागही करता येईना. वरती पुढचा पाहुणा उघड्या खांद्याने उभा होता. शेवटी त्याच्या अंगावर टेबलाची चादर घातली. तिच्यावर चहाचा डाग होता आणि फोटोत तो स्पष्ट आलाय.

त्या संध्याकाळी रंगूबाई हसल्या नाहीत, हे विशेष. "अख्ख्या मुलखानं पांघरली," त्या म्हणाल्या, "एक तुमीच राहिला."

"उद्या कडेगाव हाय. सकाळी जाऊन आनतो."

"आन् दिली न्हाई तर?"

लालासाहेबांनी सकाळच्या एसटीची वेळ बघून ठेवली. दुसरी शाल मिळाली असती हो, दुकानं काय ओस पडली होती? पण ती रंगूबाईंनी कांद्याच्या ट्रकच्या आधी आणलेली, मिरवणुकीची शाल होती. तीच हवी होती.

सकाळच्या एसटीने ते औंधला पोचले. वीरधवलरावांच्या पत्नी अंगणात भांडी घासत होत्या.

"शाल? मरून? अगबाई, ती तर हे घेऊन गेले की, आत्ताच. कडेगावला सत्कार आहे."

"कुनाचा?"

"बिरदेवाच्या बकऱ्याचा. प्रदर्शनात पहिला आला ना. मोठी मिरवणूक आहे म्हणे. आता मानाचं बोलावणं, रिकाम्या हाताने जायचं कसं? ट्रंकेत वरच ती होती."

लालासाहेब तिथल्या तुळशीकट्ट्यावर बसले. मिळालेली वस्तू परत देत नाही म्हणे! परत देत नाहीत, पुढे देतात. जी पद्धत त्यांनी सैन्यातून शिकून, डोकं शिणवून नृत्यसंस्थेत लावली होती, ती या मुलखातल्या ट्रंका कुणाच्याही हुकुमाशिवाय पिढ्यान्‌पिढ्या चालवत आल्या होत्या. एवढ्यावर समाधान मानून गप्प बसणारा माणूस वेगळा. लालासाहेब कडेगावच्या एसटीत चढले. वाटेत ती पंक्चर झाली.

ते पोचेपर्यंत चार वाजत आले होते. तिकडे मैदानात उत्कर्षा आणि नर्तकी दुष्काळासाठी सज्ज होत्या आणि समोर रंगूबाई सोडून एकही प्रेक्षक नव्हता. सगळं कडेगाव मिरवणुकीत होतं. उघडी जीप. डीजे. रस्ताभर रांगोळ्या. जेसीबीची बकेट वर गेली आणि झेंडूचा पाऊस पडला. जीपवर, पुढच्या बाजूला, कॅप्टन उभा होता. गुलालाने माखलेला, गळ्यातले हार एकेक करून खात असलेला. आणि पाठीवर मरून शाल, जरीचा काठ ऊन खात झळकत होता.

हीच ती मिरवणूक. लालासाहेबांनी सहा वर्षं मनात काढलेली, जेसीबीसकट. फक्त आत मेंढा होता.

त्यांच्या अंगात काय शिरलं कोण जाणे. ते गर्दी फाडून जीपच्या पुढे गेले आणि चेकपोस्टवर थांबवतात तसा हात वर केला.

"गाडी थांबवा!"

ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. डीजे बंद पडला. बिरदेव पिवळ्या फेट्यात वाकून बघू लागला. "काय झालं, फौजी?"

"शाल जमा करा."

लोक फिदीफिदी हसले. जीपमागून चालणारे वीरधवलराव दुसरीकडे बघू लागले.

"आवं, मानानं घातलीया," बिरदेव म्हणाला. "सगळ्यांम्होरं बकऱ्याची शाल काढू? त्याला काय वाटंल?"

"ती माझी हाय रं." लालासाहेबांचा आवाज भांडारातला राहिला नव्हता. "माझ्या मिरवनुकीसाठी आनलेली."

"तुमची मिरवनूक कवा झाली?"

"न्हाई झाली."

 दादासो गर्दीतच होते. त्यांनी चपलेकडे बघायला सुरुवात केली. बिरदेवाने फेटा मागे सारला, कॅप्टनकडे बघितलं, लालासाहेबांकडे बघितलं.

"मंग चढा वर."

"बकऱ्याच्या मिरवनुकीत?"

"जीप हाय, मानसं हायती, फुलं हायती. तुमची येगळी काढायची म्हंजी पुन्ना डिझेल जाळायचं. तुमीच म्हनता न्हवं, जाणारी गाडी रिकामी का न्ह्यायची? या की!"

आपल्याच नियमाला माणूस किती विरोध करणार? लालासाहेब चढले आणि कॅप्टनच्या शेजारी, ताठ, छाती पुढे काढून उभे राहिले. हवालदाराच्या बाजूला कॅप्टन होता आणि ज्येष्ठतेनुसार पुढे कॅप्टनच होता, त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. कोणीतरी "भारत माता की जय" ओरडलं. कोणीतरी "कॅप्टन की जय" ओरडलं. मग गर्दीने दोन्ही एकदमच घ्यायला सुरुवात केली.

मैदानात हा गलका ऐकून उत्कर्षाने ठरवलं की प्रेक्षक येत नसतील तर नाचाने जावं. ती नर्तकी घेऊन रस्त्यावर आली, पुन्हा सुरू झालेल्या डीजेचा जनरेटर तिने स्वतः बंद करायला लावला, आणि मिरवणुकीतले धनगरी ढोल सुरू झाले. ढोलाला वीज लागत नाही. जीपच्या पुढे आठही जणी निपचित पडल्या, जीप थांबली, बायका कांदे शोधू लागल्या. मग त्या उठल्या आणि ढोलाच्या तालावर गिरक्या घेत निघाल्या. शेडमध्ये अशी गिरकी कधी जमली नव्हती.

चौकात औक्षणाची ताटं आली. पहिलं ओवाळणं कॅप्टनला, कारण दिवस त्याचा. मग लालासाहेबांना. एका बाईची घाईत गल्लत झाली. तिने साखर मेंढ्याला भरवली आणि पेंडीचा तुकडा लालासाहेबांच्या तोंडात घातला. त्यांनी तो निमूट चावला. शेवटचं ताट रंगूबाईंच्या हातात होतं. कोणाचं ओढून घेतलं होतं देव जाणे. त्यांनी ओवाळलं, कुंकू लावलं, आणि कॅप्टनला कोपराने ढकलत बिरदेवाला म्हणाल्या, "बघतूस काय? घाल की."

बिरदेवाने शाल सोडवली. एक कोपरा कॅप्टनने चघळून संपवला होता, काठाला गुलाल होता, तेल होतं, लोकरीचे केस होते. ती त्याने दोन्ही हातांनी हवालदार लालासाहेबांच्या खांद्यांवर घातली.

"भाषन! भाषन!"

लालासाहेबांकडे भाषण तयार होतं. टाळेबंदीतल्या त्या बाकावर बसून पाठ केलेलं. त्यांनी तोंड उघडलं, घास गिळला, सगळ्या चौकावरून एकदा नजर फिरवली आणि सॅल्यूट ठोकला. झालं भाषण. दादासो कोणाहीपेक्षा जोरात टाळ्या वाजवत होते. ते म्हणे डोळे पुसत होते, पण गुलाल फार उडत होता.

पांगापांग झाल्यावर उत्कर्षा मैदानात सामान आवरायला लागली. साड्या जमा झाल्या, पिना जमा झाल्या, पालथे फ्लेक्स गुंडाळले गेले. लालासाहेब सगळं नीट बघून घेत होते, शाल अंगावर तशीच.

"मामा," ती हळूच म्हणाली, "शाल?"

लालासाहेब ताठ उभे राहिले. आयुष्यात त्यांच्या भांडारातून सुतळीचा तोडा हरवला नव्हता. त्यांनी जरीचा काठ छातीवर नीट ओढून घेतला आणि सरळ तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत सांगितलं,

"शाल गहाळ झाली."

"गहाळ? कुठे?"

"तपास चालू हाय."

उत्कर्षाने त्या शालीकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. "सापडली तर कळवा," ती म्हणाली आणि सतरंजी घडी करायला लागली.

"आवं, चला आता," रंगूबाई रस्त्यावरून ओरडल्या. "आन् लांबून चाला. बकऱ्याचा वास येतुया."

लालासाहेब निघाले. लांबून नाही, बायकोच्या बरोबरीनेच चालले.